आधी काय हरवले ते लिहा

रामाकोना,
८ डिसेंबर १९८६

ती. सौ. मनकर्णाताईस,
धाकटी बहीण प्रेमलता हिचा नमस्कार.

‘सौ.’ एवढे लिहून मी बराच वेळ थांबले. या घरात तुझ्या नावामागे ते अक्षर अद्याप कोणी लावलेले नाही. मुळात तुझे नावच घेतले जात नाही. कागदावर मात्र मला कोणी अडवलेले नाही, म्हणून लिहिले. तुला जाऊन सहा वर्षे सात महिने झाले. एवढ्या काळानंतर बहिणीचे पत्र आले की काहीतरी अशुभ घडले असावे, असे मनात येणे स्वाभाविक आहे. तसे काही नाही. आईचे गुडघे थंडीत धरतात, एवढेच. मी सौंसरच्या महाविद्यालयात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा सकाळी संत्र्यांच्या बागेत असतात आणि संध्याकाळी पांढुर्ण्याहून गाडी येण्याच्या वेळी फाट्यावर जातात. वर्तमानपत्र आणायला जातो म्हणतात, पण आणलेले वर्तमानपत्र वाचताना मी त्यांना पाहिलेले नाही. माझी काहीतरी चौकशी करायला जात असावेत, असे मला वाटते. ते असो.

लिहिण्याचे कारण तुला चमत्कारिक वाटेल. वाचनालयात एका मासिकात धातुशोधक यंत्रांविषयी लेख आला आहे. जमिनीखालची नाणी, दागिने, अवजारे, जुने हंडे, नदीच्या वाळूतील वस्तू असे नाना प्रकारचे शोध अशा यंत्राने घेता येतात, असे त्यात म्हटले आहे. मी वहीत टिपणे काढली. यंत्र किती खोलवरचे ओळखते, लोखंड आणि सोने यांतला फरक त्याला कळतो का, ओल्या जमिनीत ते चालते का, एका हाताने पेलते का, आणि पहिलेच यंत्र घेणाऱ्याने यांपैकी कोणत्या गुणाला अधिक महत्त्व द्यावे, हे मात्र लेखकाने लिहिलेले नाही. भाऊजी रेडिओ दुरुस्त करतात. त्यांना ही विद्या परकी नसावी. सर्व प्रकारच्या शोधाला चालेल असे एकच यंत्र निवडायचे झाल्यास कोणते निवडावे, एवढे त्यांना विचारून कळवशील का?

भाऊजींच्या दुकानाविषयी मला कसे ठाऊक, ते आज विचारू नकोस.

उत्तर घरी पाठवू नये. सौंसरच्या वाचनालयातील ग्रंथपाल शांताबाई माझी पत्रे जपून ठेवतात. त्यांच्या नावे लिहावे. संक्रांतीच्या आधी कळले तर फार बरे होईल. संक्रांतीचा आणि यंत्राचा तसा काही संबंध नाही.

तुझी,
प्रेमलता


सौंसर, वाचनालय,
१७ डिसेंबर १९८६

ती. सौ. ताईस नमस्कार.

उत्तर मिळाले. पाकिटावरचे अक्षर तुझे नव्हते आणि आतलेही तुझे नव्हते. दुकानाच्या पावतीपुस्तकाच्या कोऱ्या बाजूवर भाऊजींनी स्वतः लिहिले आहे. तू त्यांच्या शेजारी बसून सांगत होतीस, की त्यांनी तुला न सांगता लिहिले, हे ताडण्यासाठी मी तो कागद पाच वेळा वाचला. कळले नाही.

त्यांनी फार सविस्तर लिहिले आहे, त्यांचे मी आभार मानते. लष्कराने मोडीत काढलेले सुरुंगशोधक त्यांनी नागपूरच्या भंगारबाजारात पाहिले आहे. ते शिवणयंत्राएवढे जड असून खिळा दिसला तरी किंचाळते. दुबईहून कोणी आणले तर सोने व लोखंड काट्यावर वेगळे दाखवणारे यंत्र मिळते, पण त्याला सहा महिने लागतील आणि आणणारा आणीलच असे नाही. तिसरा मार्ग म्हणजे तांब्याच्या तारेचे कडे, साबणदानीत मावेल एवढे विद्युतमंडल आणि एक ट्रान्झिस्टर रेडिओ. असे यंत्र ते स्वतः करू शकतात. शिट्टी वाजत राहते आणि धातूजवळ कडे गेले की तिचा सूर बदलतो. कडे लहान केले तर बारीकसारीक वस्तू ऐकू येते, पण वरवरचीच. मोठे केले तर खोलवरची मोठी वस्तू ऐकू येते, पण बारीक वस्तूला ते बहिरे होते. एकच यंत्र सगळे शोधील असे सांगणारा दुकानदार खोटे बोलतो, असेही त्यांनी लिहिले आहे. आणि शेवटी, खाली रेघ ओढून: “कोणते यंत्र घ्यावे हे विचारण्याआधी काय हरवले ते लिहा.”

काही हरवले आहे असे मी लिहिले नव्हते. तरी त्यांनी विचारलेच आहे म्हणून सांगते. आमच्या बागेत वखराची पास, ते लोखंडी पाते, हरवली आहे. बाबा ती शोधत आहेत. ती तिसऱ्या ओळीत कुठेतरी काळ्या मातीच्या भेगेत गेली असावी.

तुला ठाऊकच आहे, आंबिया बहरासाठी सध्या बागेला ताण दिला आहे. दीड महिना झाडांना पाण्याचा थेंब नाही. पाने मलूल होऊन खाली वळली आहेत आणि जमीन अशी फाटली आहे की भेगेत मनगटापर्यंत हात जातो. संक्रांत झाली की बाबा पाणी सोडतील. पाणी सुटले की काळी माती फुगून भेगा मिटतील, आणि त्यानंतर झाडांभोवतीची आळी नव्याने खोदायला देवीदास व इतर गडी फावडे घेऊन येतील. म्हणजे वस्तू कायमची गडप तरी होईल, नाहीतर भलत्याच्या हाती तरी लागेल. म्हणून घाई आहे. पासेसाठी.

तुझी,
प्रेमलता


सौंसर, वाचनालय,
२६ डिसेंबर १९८६

ती. सौ. ताईस,

भाऊजींच्या दुसऱ्या पत्राने मी खजील झाले. सहा वर्षे मुकी असलेली मेहुणी वखराच्या पासेसाठी तीन पाने लिहीत नाही, असे त्यांनी लिहिले आहे. पास हरवली तर लोहार दुसरी करून देतो, तुमच्या गावात लोहार आहे. वस्तू पाहून कडे वळावे लागते, चुकीचे सांगाल तर चुकीचे कडे येईल आणि तुमची संक्रांत निघून जाईल. तेव्हा खरे लिहा. रागावून लिहिलेले नाही, हे अक्षरावरून कळते. त्यामुळेच अधिक लाज वाटली.

वस्तू सोन्याची आहे. आईची एकदाणी. तुला ती आठवत असेल. गोल मण्यांची, मध्ये एक पोवळे असलेली. हळदीकुंकवाला आई ती घालून निघाली की तू तिच्या मानेमागची गाठ तपासायचीस. ती माझ्या हातून बागेत पडली. आईला ठाऊक नाही. बाबांना तर नाहीच.

एकदाणी बागेत कशी गेली, हे विचारू नकोस. पडली, एवढे खरे मान.

जागा मला नीट सांगता येत नाही. ज्या झाडापाशी पडली त्याच्या खोडावर मी खडूने फुली केली होती. ओळ तिसरी, हे लक्षात होते. झाड मोजले नाही, कारण फुली होती. आठ-दहा दिवसांनी गेले तर तिसऱ्या ओळीतल्या चाळीसच्या चाळीस खोडांना देवीदासने कमरेपर्यंत चुना-मोरचुदाचा लेप दिलेला. दरवर्षी देतात. मी लहानपणापासून पाहत आले आहे, डिंक्या रोग होऊ नये म्हणून देतात हेही मला ठाऊक आहे, परीक्षेत विचारले असते तर लेपाचे प्रमाणही लिहिले असते. आणि तरीही मी संत्र्याच्या खोडावर खडूने खूण केली.

काडीने भेगा चाचपून पाहिल्या. एका झाडाभोवती वीस-पंचवीस भेगा असतात. माणसे विचारू लागली तेव्हा थांबले.

भाऊजींनी आणखी एक विचारले आहे: वस्तू सुटी आहे, की कशात ठेवलेली आहे? सुटी आहे. तशीच पडली.

तुझी,
प्रेमलता


रामाकोना,
६ जानेवारी १९८७

ती. सौ. ताईस नमस्कार.

यंत्र पोहोचले. पांढुर्ण्याच्या गाडीच्या वाहकाने ते शांताबाईंकडे दिले आणि हे काय आहे म्हणून विचारले. शांताबाईंनी गंभीर चेहऱ्याने सांगितले, हे वाचनालयाचे आहे, पुस्तके हरवतात म्हणून मागवले.

भाऊजींनी काम किती नेटके केले आहे! बशीएवढे कडे, वेळूची दांडी, दांडीला रबराने बांधलेला रेडिओ आणि साबणदानीच्या झाकणावर बटण कुठवर फिरवायचे त्याची लाल रंगाची खूण. सूचनाही लिहिल्या आहेत. कडे जमिनीपासून चार बोटे वर धरावे, वरखाली करू नये, कारण आपल्या काळ्या मातीतच लोहाचा अंश असतो आणि ती उगाच सूर बदलते. एकदाणीचे मणी आतून पोकळ, लाख भरलेले, शिवाय दोऱ्यात सुटे सुटे ओवलेले. यंत्राला ती एक वस्तू म्हणून ऐकू येत नाही, प्रत्येक मणी वेगळा ऐकावा लागतो. म्हणून कडे लहान केले आहे आणि चार बोटांपेक्षा खोल असेल तर आशा कमी.

घरी मी सांगितले की महाविद्यालयाचा प्रयोग आहे. साहित्याच्या विद्यार्थिनीला असा प्रयोग कोण देईल, हे विचारण्याइतके कोणाचे लक्ष नव्हते. सगळ्यांचे लक्ष शिट्टीकडे होते. पहिल्याच दिवशी शेजारच्या बागेतून केशवराव आले. त्यांना कोणी सांगितले होते की पोरगी गोंड राजाचा हंडा शोधते आहे. ते बांधावर बसून राहिले आणि शेवटी म्हणाले, “हंडा लागला तं अर्धा माया. बांध माया आहे.” देवीदासने त्याची कुदळ कुठे हरपली तेवढे पाहून द्यायला सांगितले. त्याच्या बायकोला नदीवर पडलेले जोडवे हवे होते. एकाने तर विहिरीत गेलेल्या बादलीसाठी कडे दोरीला बांधून खाली सोडू का विचारले. मासिकातल्या लेखात ‘नाना प्रकारचे शोध’ असे जे म्हटले होते त्याचा अर्थ मला तेव्हा नीट समजला.

निघाले ते असे: बैलाची एक नाल, इंजिनाचा बोल्ट, घासून गुळगुळीत झालेले पाच पैसे, आणि वखराची एक पास. पास खरोखरच निघाली, ताई. मी खोटी सांगितलेली वस्तू तुमच्या यंत्राने खरी करून दिली. बाबांनी ती हातात घेऊन पाहिली आणि मला विचारले, “काय शोधून राहिली वं तू?” मी म्हणाले, काही नाही, यंत्राची परीक्षा घेते आहे. त्यांनी पास खोडाला टेकवून ठेवली. मग गाडीची वेळ झाली म्हणून फाट्यावर गेले. आता माझी खात्री होत चालली आहे की त्यांना पत्रांचे कळले आहे.

तिसरी ओळ पूर्ण झाली. चाळीस झाडे, प्रत्येक आळे, प्रत्येक भेग. एकदाणी नाही.

मी बाबांना भीत भीत विचारले, पाणी आठवडाभर पुढे ढकलता येईल का? त्यांना हसू आले. “झाडाले दिवस समजते, पोरी. उशीर झाला तं फूल नाही येत, पानच येते.” शुक्रवार, १६ तारीख त्यांनी पक्की केली आहे.

आई परवा तुझ्याविषयी एक वाक्य बोलली. ते आज मला लिहवत नाही.

तूही काही लिहीत नाहीस. मी तुला लिहिते आणि भाऊजी मला लिहितात. तक्रार करण्याचा अधिकार मला नाही. फक्त नोंद केली.

तुझी,
प्रेमलता


सौंसर, वाचनालय,
९ जानेवारी १९८७

ताई,

भाऊजींची चिठ्ठी आज आली, एकाच ओळीची. ओळ पुरी झाली आणि निघाले नाही, तर एकतर जागा चूक आहे किंवा वस्तूविषयी सांगितले ते चूक आहे. जागा चूक आहे का? जागा बरोबर आहे.

एकदाणी सुटी नाही. ती माझ्या कंपासपेटीत आहे. टिनाच्या.

हे आधी का लिहिले नाही, ते आता तुला कळेलच. गळ्यातून किंवा हातातून पडलेली वस्तू कंपासपेटीत नसते. कंपासपेटीत वस्तू ठेवावी लागते, झाकण लावावे लागते, आणि पेटी भेगेत ढकलावी लागते. मी ती ढकलली. भेग तेव्हा बोटभर खोल होती. नंतर ताणाने जमीन फाटत गेली आणि पेटी किती खाली सरकली असेल, सांगता येत नाही.

आता उरलेलेही लिहिते.

तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात पांढुर्ण्याला आंतरमहाविद्यालयीन निबंधस्पर्धा होती. आदल्या दिवशी आईने मला कोठीत बोलावले आणि पदरातून एकदाणी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, मनीले मुलगी झाली म्हणून बाजारातून ऐकते. हे तिचं आहे, ती पहिली. तुया बाबाले कळू देऊ नको. मी ती कंपासपेटीत ठेवली, कारण माझी पेटी कोणी उघडत नाही.

स्पर्धा संपल्यावर मी तुमचे दुकान विचारत आले. समोर सायकलच्या दुकानापाशी उभी राहिले. तू काउंटरच्या आत बसली होतीस. मांडीवर बाळ झोपले होते आणि पुढे पुस्तक उघडे होते. एक गिऱ्हाईक मोठ्याने बोलू लागले तेव्हा भाऊजींनी त्याला हाताने हळू बोलण्याची खूण केली. बाळ झोपले होते म्हणून असेल, असे मला आधी वाटले. मग त्यांनी पुस्तकाकडे बोट दाखवले. तू वाचत होतीस म्हणून. पुस्तकाला खाकी कव्हर होते, पण पानाची मांडणी मी लांबूनही ओळखली. तेच पुस्तक माझ्या पिशवीत होते. तू याच वर्षी, हीच परीक्षा बाहेरून देते आहेस.

ताई, अकरावीला मी तालुक्यात मराठी माध्यमातून पहिली आले, हे तुला कोणी कळवले नसेल. नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयाचा अर्ज मी भरून ठेवला होता. बाबांनी तो घडी करून परत दिला. “एक पांढुर्ण्याले गेली ते गेली. नागपूर तं अजून दूर आहे.” मी तो घेऊन पुस्तकात ठेवला. मी कधीच काही बोलत नाही. मला वाटत होते की आपण दोघीही अडकलो, तू तिकडे आणि मी इकडे. निदान तेवढे तरी आपले सारखे आहे. आणि तू तिथे बसून वाचत होतीस, आणि तुझ्यासाठी कोणीतरी माणसांना गप्प करत होते.

मला रस्ता ओलांडता आला नाही. तेव्हा मला वाटले, लाजेमुळे. आता तसे वाटत नाही.

घरी आल्यावर आईने विचारले, दिली? मी म्हणाले, दिली. आईने विचारले, काय म्हणाली? मी म्हणाले, ताई रडली. हे मला कसे सुचले, ठाऊक नाही. निबंधाचा शेवट सुचतो तसे सुचले. आईने डोळे पुसले आणि पुन्हा विचारले, खूप रडली का? मी म्हणाले, खूप.

त्यानंतर एकदाणी घरात ठेवणे शक्य नव्हते. आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेला ती काढून तुला आणून द्यावी म्हणून बागेत गेले, तर सगळी खोडे पांढरीनिळी झालेली.

परवा आई जे बोलली ते आता लिहिते. “सोनं घेतलं, रडलीही म्हणते, मंग दोन शब्द काहून नाही धाडले पोरीनं?” तू न घेतलेल्या वस्तूसाठी ती तुझ्यावर रुसली आहे, आणि आईने इतक्या वर्षांत काहीच पाठवले नाही म्हणून तू तिच्यावर रुसली असशील. या दोन्हींच्या मध्ये माझी कंपासपेटी आहे.

भाऊजींना मोठे कडे करायला सांग. पहिल्याच पत्रात खरे लिहिले असते तर ते तेव्हाच झाले असते. आता सात दिवस राहिले आहेत. तू त्यांना ‘करू नका’ म्हणालीस तरी ते योग्यच होईल.

प्रेमलता


पांढुर्णा, बसस्थानक,
१६ जानेवारी १९८७, दुपार

ताई,

हे पत्र टपालाने येणार नाही. बसस्थानकाच्या बाकावर बसून लिहिते आहे. लिहून झाले की तुझ्या काउंटरवर ठेवीन आणि मागे सरेन. तोंडाने मला एवढे सांगता येणार नाही, हे तुला माहीत आहे.

मोठे कडे बुधवारी, संक्रांतीच्या दिवशी मिळाले. सुपाएवढे. त्याच्या गुंडाळीत एक चिठोरे होते आणि त्यावरचे अक्षर तुझे होते. “पेटी कोणती? निळी, चौथीत बक्षीस मिळाली ती का? तिचे झाकण घट्ट बसते, पाणी लवकर शिरणार नाही. घाबरू नकोस.” एवढेच. राग नाही, जाब नाही, पेटीच्या झाकणाविषयी फक्त. शांताबाईंनी मला पाणी दिले आणि वाचनालयाचे दार थोडा वेळ लोटून घेतले.

होय, तीच पेटी. बक्षीससमारंभाला तूच मला वेणी घालून नेले होतेस.

काल संध्याकाळपर्यंत मी अठरा झाडे केली. मोठे कडे जड आहे, हात भरून येतात. आज उजाडताच पुन्हा बागेत गेले. बाबा आणि देवीदास माझ्या आधीच आले होते. इंजिन सुरू झाले होते आणि पाणी मातीच्या पाटाने पहिल्या ओळीकडे निघाले होते. मी तिसऱ्या ओळीत होते. पहिल्या ओळीतल्या भेगा पाणी पिताना जो आवाज करतात, तो मला शिट्टीवरूनही ऐकू येत होता. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. देवीदासने दुसऱ्या ओळीचे तोंड फोडले. एकतिसाव्या झाडापाशी शिट्टी एकदम जाड झाली. कडे बाजूला नेले, बारीक. पुन्हा आणले, जाड.

मी खुरपे घेऊन खाली बसले. बाबा केव्हा येऊन उभे राहिले, कळले नाही. त्यांनी देवीदासला पाणी तिथेच थांबवायला सांगितले, माझ्या हातातून खुरपे घेतले आणि स्वतः उकरू लागले. वीतभर खाली पेटीचा कोपरा दिसला. बाबांनी ती काढून धोतराच्या सोग्याने पुसली. झाकणावरची ‘प्रथम क्रमांक’ ही अक्षरे अजून वाचता येतात. त्यांनी पेटी उघडली. कर्कटक, खोडरबर, आणि एकदाणी.

बाबांनी विचारले, “मनीले हे पोचलीच नाही?”

मी मान हलवली. आणि मग माझ्या ध्यानात आले, ताई, की हा प्रश्न एकदाणी बागेत कशी आली असा नव्हता.

बाबा बांधावर बसले. म्हणाले, “कोठीतल्या मोठ्या पेटीच्या तळातून म्याच काढून तुया मायच्या लुगड्याखाली ठेवली होती. तिच्या हाताले लागन, मंग ती धाडन. माया हातून पोरीनं घेतली नसती.” मग म्हणाले, “तू मायले सांगून राहिली होती, खूप रडली म्हणून. म्या ओसरीवरून ऐकलं. मले वाटलं, रडली तं येईन. रोज गाडी पाहून राहिलो दोन महिने.”

वर्तमानपत्र आणायला नव्हे, ताई. माझ्यावर पाळत ठेवायलाही नव्हे. मी दोन महिने त्यांना भीत होते आणि ते दोन महिने फाट्यावर उभे राहून उतरणाऱ्या माणसांत तुला शोधत होते. मी सांगितलेल्या अश्रूंच्या भरवशावर.

मी त्यांना सगळे सांगितले. सायकलच्या दुकानासकट, नागपूरच्या अर्जासकट. अर्जाचे आले तेव्हा त्यांनी मान खाली घातली. रागावले असते तर बरे झाले असते. ते फक्त उठले, देवीदासला म्हणाले, “सोड पाणी तिसऱ्यात,” आणि मला विचारले की पांढुर्ण्याची गाडी किती वाजता आहे. घरी आईला मी स्वयंपाकघरात सांगितले. तिने एकदाणी ताकाच्या पाण्याने धुतली, पोवळे पुसले, तिळाच्या लाडवांचा डबा भरला आणि दोन्ही बाबांच्या हातात दिले, माझ्या हातात नाही. ते योग्यच आहे.

आत्ता मी हे लिहिते आहे तेव्हा बाबा स्थानकाबाहेर कडुलिंबाखाली उभे आहेत. काखेत लाडवांचा डबा, खांद्यावर भाऊजींचे सुपाएवढे कडे. येणारे जाणारे त्यांच्याकडे पाहतात. बसमध्ये त्यांनी दोनदा म्हणून पाहिले, “यंत्र वापस कराले आलो, म्हणीन. दुसऱ्याची वस्तू आहे.” मग थोडे अंतर गेल्यावर मला विचारले, गुणवंता चहा घेते का? मी म्हणाले, मला ठाऊक नाही. भाऊजींचे नाव त्यांच्या तोंडून मी आज प्रथमच ऐकले.

तुमच्या गल्लीपर्यंत मी त्यांना आणीन. सायकलच्या दुकानापर्यंत ते येतील. त्यापुढे येतील असे मला वाटत नाही. तिथून समोर येणे मला जमले नव्हते, त्यांना कसे जमेल? मला फार भीती वाटते आहे, ताई. तू पत्र वाचून आतच बसून राहिलीस, तर ते कडे सायकलवाल्याकडे ठेवून परत फिरतील, आणि पुन्हा कधी फाट्यावरही जाणार नाहीत.

म्हणून एवढे वाचून झाले की पुढचे वाचू नकोस. पुढे काही लिहिलेले नाही. बाळाला घे आणि बाहेर ये. एकदाणी त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात आहे. गाडीत त्यांचा हात सारखा तिथेच होता.

प्रेमलता